दादर-माटुंगा : कॉलेजांच्या परिसरात घर घेणे म्हणजे नेमके काय घेणे?

१/ मुंबईत दादर पूर्व ते माटुंगा हा पट्टा पायी फिरायला निघाले तर रुईया, पोदार, खालसा, व्हीजेटीआय आणि रसायन तंत्रज्ञान संस्था अशी पाच नामवंत शिक्षणकेंद्रे एकाच फेरीत लागतात. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, पाच उद्याने. इथे आपले घर असावे, ही मुंबईच्या मध्यमवर्गाच्या तीन-चार पिढ्यांची इच्छा. पण इथे घर घेणारा नेमके काय घेतो? जमीन, चार भिंती, शेजार की पत्ता? या प्रश्नाचा हा सव्वाशे वर्षांचा इतिहास. #थ्रेड

२/ सुरुवात होते एका साथीपासून. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात मूळचे गोमंतकीय असलेले डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गावी गेले. गोदी थंडावली, गिरण्यांना कामगार मिळेनात. व्यापारावर उभ्या असलेल्या शहराचा श्वासच कोंडला आणि दाटीवाटीच्या वस्त्यांचा प्रश्न सरकारला टाळता येईना.

३/ त्यातून १८९८ च्या कायद्याने ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ ही संस्था जन्मली. तिच्यापुढे मुख्यतः दोन कामे होती. एक, जुन्या शहरातील दाट वस्ती फोडून रुंद रस्ते काढणे. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्याचे फलित. दुसरे, शहराला उत्तरेकडे पसरायला जागा करून देणे. पहिल्या कामात अनेकांची घरे गेली. दुसऱ्या कामात नव्या घरांची जमीन तयार झाली. मात्र ज्यांची घरे गेली त्यांनाच ही नवी घरे मिळाली, असे सरसकट घडले नाही.

४/ उत्तरेला तेव्हा काय होते? दादर, माटुंगा, वडाळा, शीव या बाजूला भातखाचरे, नारळ-ताडाची झाडे, मिठागरे आणि मधूनमधून छोटी गावठाणे. १८९९-१९०० च्या सुमारास ट्रस्टने या भागाच्या योजना आखल्या, जमीन संपादित केली, रस्ते आखून भूखंड पाडले. मुंबईतील आखीव उपनगराचा हा पहिला मोठा प्रयोग मानला जातो. आजच्या सावलीदार रस्त्यांखाली कोणाची तरी शेते होती, हे या इतिहासाचे पहिले पान आहे.

५/ आता या साऱ्या कथेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ट्रस्टने हे भूखंड विकून टाकले नाहीत, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. जमिनीची मालकी ट्रस्टकडे राहिली. भूखंड घेणाऱ्याने ठरलेले भुईभाडे भरायचे आणि करारातील अटी पाळून इमारत बांधायची. इमारत त्याची, जमीन ट्रस्टची. इथल्या घराच्या मालकीत हा दुहेरीपणा अगदी पहिल्या दिवसापासून आहे.

६/ अटी कोणत्या? इमारत दोन-तीन मजल्यांहून उंच नसावी, रस्त्यापासून ठरावीक अंतर मागे असावी, भूखंडाचा बराच भाग मोकळा ठेवावा, जेणेकरून प्रत्येक खोलीला उजेड-वारा मिळेल. प्लेगच्या भीतीतून आलेली ही कलमे होती. आज ज्याला या परिसराचे ‘सौंदर्य’ म्हटले जाते ते आरोग्याच्या चिंतेतून, कराराच्या कागदावर लिहिले गेले होते.

७/ वस्ती मात्र लगेच झाली नाही. पहिल्या महायुद्धापर्यंत बरेच भूखंड ओसच होते. गिरगाव, काळबादेवीसारख्या भरवस्तीतून उठून इतक्या लांब कोण जाणार? चित्र पालटले ते वाहतुकीने. ट्राम दादरपर्यंत आली, ‘दादर टी.टी.’ या नावातील टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची शेवटची ट्राम धावली, नाव मात्र टिकले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला ही हार्बर मार्गावरील पहिली विजेची गाडी सुटली. फोर्टमधील कचेरी आणि दादरचे घर हे गणित आता जुळू लागले.

८/ मग प्रश्न आला : इथे राहणार कोण? ट्रस्टमध्ये मंचरजी जोशी नावाचे पारशी अभियंता होते. फोर्ट-धोबीतलावच्या गर्दीत राहणाऱ्या मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ भूखंड राखून ठेवावेत, असे त्यांनी ट्रस्टला पटवले. त्यातून दादर पारशी कॉलनी उभी राहिली. मुंबईतील इतर पारशी बागांसारखी तिला तटबंदी नाही. रस्ते सर्वांना खुले. तेथील पाच उद्यानांना आज त्यांचेच नाव आहे आणि त्यांचा पुतळाही तिथे आहे.

९/ शेजारी हिंदू कॉलनी वसली. तिथे मराठी सुशिक्षित कुटुंबे मोठ्या संख्येने आली. माटुंग्यात दक्षिण भारतातून आलेले कारकून, टंकलेखक, लेखापाल स्थिरावले. १९३२ साली ‘साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी’ने माटुंग्यात शाळा चालवायला घेतली. पाटीवरचे रस्ते सार्वजनिक, आखणी सार्वजनिक संस्थेची. पण वस्त्यांची नावेच सांगतात की शेजार जात, धर्म, भाषा पाहून जमत गेला. नव्या उपनगरात जुने शहर असे गुपचूप शिरले.

१०/ घराचा आकारही बदलला. गिरगावच्या चाळीत एक-दोन खोल्या, समोर सामायिक गॅलरी, टोकाला सामायिक संडास. दादर-माटुंग्यात आला ‘ब्लॉक’ : दार बंद केले की स्वयंपाकघर, न्हाणी, संडास सगळे आतच. आज यात काही विशेष वाटत नाही. पण संडास घराच्या आत घेणे ही सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरांसाठी लहान गोष्ट नव्हती. पाण्याने धुऊन निघणारे नवे संडास आल्यावर हा बदल स्वीकारला गेला. मुंबईतील फ्लॅट-संस्कृतीची पाळेमुळे अशी इथल्या दोन-तीन मजली इमारतींत आहेत.

११/ याच ट्रस्टचा दुसरा चेहरा परळ, नागपाड्यासारख्या भागांत दिसतो. तिथे ट्रस्टने कामगारांसाठी चाळी बांधल्या. ‘बी.आय.टी. चाळ’ हे नाव मुंबईकरांच्या तोंडी आजही आहे. मध्यमवर्गाला भूखंड, कामगारांना खोली : एकाच संस्थेने शहराची अशी दोन दालने केली. एका दालनातून दुसऱ्यात जाणे फार थोड्यांना साधले. त्यांपैकी एका माणसाचे घर हा या थ्रेडचा गाभा आहे.

१२/ डॉ. बाबासाहेब आंबेडकर. परळच्या पोयबावडी येथील बी.आय.टी. चाळीत त्यांनी सुमारे दोन दशके काढली. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या, मुंबई विधिमंडळाचे सदस्यत्व, महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदेची पहिली फेरी, या सर्व काळात त्यांचा पत्ता चाळीतल्या खोल्यांचाच होता. पुस्तके वाढत होती, भिंती तेवढ्याच होत्या.

१३/ घराचा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ जागेचा कधीच नव्हता. १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होताना त्यांना त्या शहरात राहायला जागा मिळेना. जात लपवून पारशी धर्मशाळेत उतरावे लागले; ते उघड होताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दुसऱ्या कोणी आसरा दिला नाही. परदेशात शिकून आलेला, राजाने नेमलेला अधिकारी एका खोलीसाठी हतबल झाला आणि मुंबईला परतला. घर देणाऱ्याची मर्जी म्हणजे काय, हे त्यांनी असे अनुभवले होते.

१४/ १९३० च्या सुमारास त्यांनी हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले : पाचव्या गल्लीतील १२९ क्रमांकाचा आणि तिसऱ्या गल्लीतील ९९ क्रमांकाचा. कर्ज काढून बांधकाम सुरू झाले. ९९ क्रमांकावर भाड्याने देण्यासाठी ‘चार मिनार’ ही इमारत आणि १२९ क्रमांकावर राहण्यासाठी ‘राजगृह’. राजगृह हे प्राचीन मगधाच्या राजधानीचे नाव, बौद्ध इतिहासाशी जोडलेले. १९३३ मध्ये घर तयार झाले. कुटुंब खाली, ग्रंथ आणि अभ्यासिका वर, अशी रचना होती.

१५/ त्या घराचे मोल ग्रंथांच्या भाषेतच मोजावे लागते. हजारो पुस्तकांचा हा संग्रह देशातील सर्वांत मोठ्या खासगी संग्रहांत गणला जाई. १९४१ साली कर्ज फेडण्यासाठी आणि पुस्तके घेण्यासाठी बाबासाहेबांनी ‘चार मिनार’ विकून टाकली. भाडे देणारी इमारत गेली, वाचनालय राहिले. दादर-माटुंग्याच्या मालमत्ता-व्यवहारांच्या इतिहासात याच्या तोडीचा व्यवहार सापडणे कठीण.

१६/ या घराने दुःखही पाहिले. २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन याच वास्तूत झाले. चाळीतल्या ओढगस्तीची वर्षे ज्यांनी सोसली, त्यांच्या वाट्याला नवे घर जेमतेम दोन वर्षे आले.

१७/ आता कॉलेजांकडे. इथे एक गमतीचा क्रम दिसतो. जगातील अनेक विद्यापीठ-वस्त्यांत आधी कॉलेज येते, मग भोवती घरे. दादर-माटुंग्यात आखणी आधी, घरे पाठोपाठ आणि बहुतेक कॉलेजे त्यानंतर. १८८७ साली स्थापन झालेली, भायखळ्याला असलेली व्हीजेटीआय १९२३ मध्ये माटुंग्याला आली. १९३३ साली सुरू झालेला विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग १९४३ मध्ये इथल्या स्वतंत्र आवारात आला.

१८/ १९३७ हे वर्ष निर्णायक. पुण्यात स. प. महाविद्यालय चालवणाऱ्या शिक्षण प्रसारक मंडळीने रामनारायण रुईया महाविद्यालय सुरू केले. त्याच वर्षी शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीच्या पुढाकाराने खालसा महाविद्यालय उभे राहिले. १९४१ मध्ये पोदार वाणिज्य महाविद्यालय आले. तोपर्यंत कला-विज्ञानाच्या पदवीसाठी मुलांना एल्फिन्स्टन, विल्सन, सेंट झेवियर्सकडे, म्हणजे दक्षिणेला जावे लागे. आता कॉलेज घराजवळ आले. घरातून पायी निघून तासाला पोहोचणाऱ्या मुलींची संख्या वाढली, तो फरक लहान नव्हता.

१९/ कॉलेजांनी परिसराची अर्थव्यवस्था घडवली. परगावचे विद्यार्थी वसतिगृहात किंवा कोणाच्या घरी खोली घेऊन राहू लागले. खाणावळी चालू लागल्या. रुईयाजवळचे मणीज लंच होम १९३७ सालचे, माटुंगा स्थानकाजवळचे रामा नायक यांचे उडुपी बोर्डिंग १९४२ सालचे. केळीच्या पानावरचे जेवण आणि परीक्षेच्या गप्पा यांची ती सांगड आजही सुटलेली नाही. रुईया नाका हा तर मराठी नाटक-एकांकिकांच्या जगात स्वतंत्र पत्ताच झाला.

२०/ बाबासाहेबांनीही शिक्षणसंस्था काढली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय. ते दादरला नव्हे, दक्षिण मुंबईत सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्यांना ते सोयीचे होते. राजगृहात जमवलेल्या ग्रंथांचा मोठा भाग पुढे सिद्धार्थच्या ग्रंथालयात गेला. एका घराच्या वरच्या मजल्यावरची पुस्तके अशी हजारो विद्यार्थ्यांच्या हाती पोहोचली.

२१/ या काळात इथे राहणारे बहुसंख्य लोक भाडेकरू होते. इमारत एका मालकाची, ब्लॉक भाड्याने. दुसऱ्या महायुद्धात शहरात माणसे वाढली, जागा वाढली नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हे प्रमाण धरले आणि भाडेकरूला संरक्षण दिले. पगारदार कुटुंबे वाचली. पण दशके उलटली तरी भाडे जवळपास तिथेच राहिले आणि मालकांना दुरुस्ती परवडेना, किंवा ती करण्यात स्वारस्य उरले नाही.

२२/ इथून ‘पागडी’ फोफावली. नवा भाडेकरू खोलीत शिरताना मोठी रक्कम देई. ती मालक आणि जाणारा भाडेकरू वाटून घेत. महिन्याचे भाडे नाममात्र, पण ताबा पिढ्यान्‌पिढ्या. हा व्यवहार कायद्याला मान्य नव्हता, तरी शहर त्यावर चालत होते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, अशा रकमेला अखेर मान्यता दिली. म्हणून आजही या परिसरात ‘घर घेतले’ याचा अर्थ काही वेळा ‘भाडेकरूचा हक्क घेतला’ असा असतो.

२३/ मालकीचा दुसरा मार्ग सहकाराचा. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. श्रीपाद सुबराव तालमकी हे तिचे प्रवर्तक. पुढे १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आला आणि ‘ओनरशिप फ्लॅट’ हा शब्द घरोघरी पोहोचला. सोसायटीत घर घेणाऱ्याच्या हाती येते ते भागपत्र आणि सदनिका वापरण्याचा हक्क. इमारत संस्थेची.

२४/ आणि जमीन? १९३३ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा कारभार महापालिकेत विलीन झाला. त्यामुळे दादर-माटुंग्यातील अनेक भूखंडांची मूळ मालक आज मुंबई महापालिका आहे. थर मोजा : वर सदनिकाधारक किंवा भाडेकरू, त्याखाली सोसायटी किंवा इमारतमालक, सर्वांत खाली पट्ट्याने जमीन देणारी महापालिका. कोट्यवधी रुपये मोजणाऱ्या खरेदीदारानेही मूळ भाडेपट्टा, त्याची मुदत आणि हस्तांतराच्या अटी आधी वाचाव्यात, याचे कारण या इतिहासात आहे.

२५/ शेजाराचा प्रश्नही मिटलेला नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व विशिष्ट समाजापुरते ठेवणारा संस्थेचा उपविधी वैध ठरवला. अल्पसंख्य समाजाची वस्ती टिकावी, ही त्यामागची एक बाजू. दुसरी बाजू अशी की हेच तत्त्व बलवान समाजांच्या हाती गेले तर शहरात जात आणि धर्म पाहून दारे बंद होऊ शकतात. १९१७ चे बडोदे आठवले की ही दुसरी बाजू केवळ तात्त्विक राहत नाही.

२६/ आजची लढाई उंचीची आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या कलमाने जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाला वाढीव चटईक्षेत्र दिले. भाडेकरूला नवे घर फुकट आणि विकासकाला विक्रीसाठी वरचे मजले. तीन मजल्यांच्या जागी मनोरे उभे राहू लागले. रस्ता तेवढाच, जलवाहिनी तीच, झाडांची मुळे त्याच मातीत. वाढला तो माणसांचा आणि गाड्यांचा भार.

२७/ २०१२ च्या सुमारास महापालिकेने वारसा यादीत नवी भर घालण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा शहरभर रहिवाशांत दोन तट पडले. वारसा जपावा, असे काहींना वाटले. इतरांना भीती होती की पुनर्विकास अडेल आणि गळक्या छताखालीच आयुष्य जाईल. दुसऱ्या भीतीची थट्टा करणे सोपे आहे, पण अन्यायाचे. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्धांना नक्षीदार कठड्याचे कौतुक किती करता येईल?

२८/ तरीही हिशेब स्पष्ट आहे. या परिसराला किंमत आली ती रुंद रस्त्यांनी, मोकळ्या जागांनी, सावलीने आणि पायी अंतरावरच्या कॉलेजांनी. यांपैकी एकही गोष्ट कोणा एका घरमालकाने निर्माण केलेली नाही. ती सार्वजनिक निर्णयांची आणि पाळलेल्या अटींची कमाई आहे. इथे घर घेणारा सदनिकेचे जे पैसे मोजतो, त्यांतील मोठा वाटा या सामायिक ठेव्याचा असतो. प्रत्येक भूखंडावर तो ठेवा थोडा थोडा खर्च होत गेला, तर पुढच्या पिढीला फक्त पत्ता उरेल.

२९/ ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झाले. पार्थिव मुंबईत राजगृहावर आणले गेले आणि ७ तारखेला तिथूनच अंत्ययात्रा दादर चौपाटीकडे निघाली. हिंदू कॉलनीच्या त्या गल्लीत त्या दिवशी जितके लोक आले, तितके कोणत्याही आखणीत गृहीत धरलेले नव्हते. आजही दर डिसेंबरात चैत्यभूमीला आलेले असंख्य लोक वाट वाकडी करून पाचव्या गल्लीत येतात आणि एका घरासमोर उभे राहतात.

३०/ त्यांच्यातील बहुतेकांना दादर-माटुंग्यात घर घेणे या जन्मी परवडणार नाही. पण १२९ क्रमांकाच्या भूखंडाशी त्यांचे नाते कोणत्याही भाडेपट्ट्याहून जुने वाटावे इतके घट्ट आहे. घर कशासाठी असते, याचे एक उत्तर त्या गल्लीत अजून उभे आहे. कॉलेजला जाताना वाटेत लागले, तर क्षणभर थांबून पाहावे. (समाप्त)